माईआत्याचा पालथा हात

आमच्या घराची एक भिंत मंगल कार्यालयाची होती. खरं सांगायचं तर नारायण पेठेतल्या त्या कार्यालयाच्या मागच्या भिंतीला टेकवून काढलेल्या दोन खोल्या म्हणजेच आमचं घर. अप्पा, म्हणजे माझे वडील, तिथले व्यवस्थापक. खोल्यांना भाडं नाही, पाणी फुकट आणि लग्नसराईत चूल पेटवायची गरज नाही, एवढ्यावर आईनं जन्मभर समाधान मानलं आणि ते आम्हाला ऐकवलंही. मी भूमितीचे सिद्धांत पाठ केले ते भिंतीपलीकडच्या मंगलाष्टकांच्या चालीवर. घड्याळ बघायची गरजच नसे. बँड वाजला की लग्न लागलं, पाट आदळायला लागले की पंगत बसली, ॲल्युमिनियमची पातेली फरशीवरून खरखरत मागे ओढली गेली की शेवटची पंगत उठली. मग नवरीकडच्या बायकांचा हुंदका फुटायचा आणि आई ताटल्या मांडत म्हणायची, “चला, आता मसालेभात येईल.” कुणाची तरी लेक घराबाहेर पडल्याशिवाय आमच्या ताटात काही पडत नसे. गार मसालेभात, आंबूस झालेला मठ्ठा आणि पाकात लोळून मऊ पडलेली जिलबी. जिलबी मी आजही खात नाही.

कार्यालयाच्या आत, मुदपाकखान्याला लागून, कोठी होती. धान्य, तेलाचे डबे, भांडी, सतरंज्या, सगळं त्या एका खोलीत. तिथेच एका खाटेवर माईआत्या झोपायची. ती अप्पांची थोरली बहीण. तिचा नवरा गिरणीत वायरमन होता आणि विजेचा धक्का बसून गेला. मूल नाही. सासरच्यांनी वर्षश्राद्ध उरकल्यावर तिची ट्रंक बाहेर ठेवली, तेव्हा अप्पांनी तिला कोठीवर लावून घेतलं. पगार बेताचा, पण डोक्यावर छप्पर. कोठीची किल्ली ती गळ्यात घालायची, मंगळसूत्र असायचं तिथे. हे वाक्य माझं नाही, आईचं आहे. आमच्याकडे असली वाक्यं जेवताना बोलली जात.

माईआत्या प्रेमळ होती असं मी म्हणणार नाही. ती चिकट होती, तोंडानं फटकळ होती आणि आम्हा मुलांना बेदाणा मोजून द्यायची. पण कार्य असलं की पहाटेच उठून ती अख्ख्या कार्यालयात एक फेरी मारायची आणि प्रत्येक गोष्टीला हात लावत जायची. पालथा हात. ताप बघताना कपाळाला लावतात तसा. पाण्याच्या टाकीला खालपासून वर हात फिरवला की गारवा कुठे संपतो त्यावरून पाणी किती आहे ते कळायचं. दुधाच्या पातेल्याला, स्टोव्हच्या टाकीला, विजेच्या लाकडी बोर्डांना, सगळ्यांना. मी एकदा विचारलं, सरळ हात का नाही लावत? ती म्हणाली, “तळहात लावलास आणि करंट असला, तर मूठ वळते. मग सुटत नाही. पालथा लावला तर हात मागे फेकला जातो. तुझ्या काकांनी त्या दिवशी सरळ लावला होता.” एवढंच, आणि पुढच्या बोर्डाकडे गेली. काकांबद्दल तिच्याकडून मी ऐकलेलं हे पहिलं आणि शेवटचं वाक्य.

फेरी झाली की ती अप्पांपुढे उभी राहायची. “वसंता, डाव्या बाजूचा बोर्ड कोमट आहे. आज वाढीव दिवे नकोत, नाहीतर जळेल.” “वसंता, तो आचारी काल रुसून गेलाय. आज सकाळी कुणाला तरी चहा घेऊन पाठव, नाहीतर येणार नाही तो.” आता बघा, मांडव सजलेला, सनईची तबकडी लागलेली, आणि एक विधवा बाई सकाळी सकाळी ‘जळेल’, ‘येणार नाही’, ‘पुरणार नाही’ म्हणत फिरते आहे. वरमाया कानावर हात ठेवायच्या. एकीनं तर माईआत्या गेली त्या वाटेवर पाणी शिंपडलेलं मी पाहिलंय. अप्पा पाहुण्यांच्या देखत मोठ्यांदा म्हणायचे, “माई, शुभकार्यात अभद्र बोलू नये!” आणि पाहुण्यांकडे वळून हसत, “नवऱ्याला विजेनं नेलं ना, तेव्हापासून हिला प्रत्येक बटणात यम दिसतो.” लोक हसायचे. माईआत्या कोठीत जायची आणि स्वतःच आचाऱ्याकडे चहा घेऊन जायची, स्वतःच दिव्यांची एक माळ काढून ठेवायची. मग आचारी यायचा, बोर्ड जळायचा नाही, आणि माईचं तोंड कसं अपशकुनी आहे, उगाच भीती घालते, हे सिद्ध व्हायचं.

सगळंच तिला आवरता येत नसे, कारण सगळं तिच्या हातात नव्हतं. जे सुटायचं ते अप्पांच्या वाट्याला यायचं, आणि अप्पा त्याचीच वाट पाहत असायचे. काही बिघडलं की त्यांच्या अंगात वारं शिरायचं. धोतराचा सोगा कमरेला खोचून ते पळत सुटायचे, ओरडायचे, सायकलवर टांग मारायचे. एकदा मंडईजवळच्या एका खानावळीतला आचारी त्यांनी अंगावरच्या बनियनसकट उचलून आणला. एकदा मठ्ठा संपला तेव्हा शेजारच्या चार घरांतलं दही गोळा करून त्यांनी पंगत उठू दिली नाही. तहान लागल्यावर विहीर खणायची, आणि लोकांनी त्या विहिरीला हार घालायचा, असा प्रकार होता. कारण आमच्या कार्यालयात एक रिवाजच पडून गेला होता. अशी वेळ निभावली की यजमान सगळ्या पंगतीसमोर अप्पांना शाल आणि नारळ द्यायचे. कार्यात दोन्ही तयारच असतात, उचलून द्यायला काय जातं? आम्ही भावंडं थंडीत त्या शाली पांघरून झोपायचो. नारळाच्या वड्या, नारळाच्या करंज्या, वाटपात नारळ, पोह्यांवर नारळ. आईनं नारळांना नावं ठेवली होती. “आज मठ्ठ्याचा नारळ फोडते,” म्हणायची. ज्या हंगामात माईआत्याला जास्त आवरता येई, त्या हंगामात आई नारळ विकत आणायची आणि चरफडायची.

परवा माझी मुलगी मुक्ता ऑफिसातून काचेचं एक स्मृतिचिन्ह घेऊन आली. सुट्टीच्या दिवशी त्यांची कसलीशी यंत्रणा बंद पडली होती, हिच्या हाताखालच्या लोकांनी न झोपता ती सुरू केली, म्हणून सगळ्या टीमला बक्षीस. मी विचारलं, बंद पडणार हे कुणालाच कळलं नव्हतं का? ती म्हणाली, “एक होती गं, महिनाभर मेल टाकत होती. पण फारच निगेटिव्ह. टीमचं मोराल डाऊन करायची. मग तिला दुसऱ्या प्रोजेक्टवर टाकलं.” हे सांगताना तिनं फोनमधून मानही वर केली नाही. बक्षीस मी शोकेसमध्ये ठेवलं आहे. धूळ पुसताना रोज हातात येतं.

कार्यालयाचे मालक दादासाहेब. पांढरं स्वच्छ धोतर, तोंडात पान आणि बोलण्यात कायम ‘आपण’. माणसाला जिवंत सोलतानाही त्यांचं ‘आपण’ सुटत नसे. एका हंगामाच्या शेवटी त्यांनी अप्पांना आणि माईआत्याला ऑफिसात बोलावलं. एका घरातली दोन माणसं कशाला पोसायची, असं त्यांच्या मनात आलं होतं आणि ते सगळ्या कार्यालयाला ठाऊक होतं. मी चहा घेऊन गेले होते. कपबशा घेऊनच बाहेर यायचं असल्यामुळे दाराशी उभी राहिले.

“वसंतराव, या हंगामात आपण काय काय केलंत ते सांगा बघू.”

अप्पांनी सांगितलं. बनियनमधला आचारी, शेजारच्यांचं दही, मांडवात शिरलेला वळू, सगळं साभिनय सांगितलं. दादासाहेब पान सांभाळत हसले, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग ते माईआत्याकडे वळले.

“आणि माई, आपण?”

“काही नाही.”

“काही नाही म्हणजे?”

“कोठीत काही झालं नाही. गेल्या हंगामातही झालं नव्हतं.”

“मग आपण दिवसभर करता तरी काय?”

“काही होऊ नये, ते करते.”

दादासाहेबांनी पिकदाणी पुढे ओढली, सावकाश थुंकले आणि अप्पांना म्हणाले, “वसंतराव, जे झालंच नाही त्याचा पगार कोणत्या खात्यात घालायचा, आपणच सांगा.” अप्पांना बोलता आलं असतं. निदान आचाऱ्याला सकाळी चहा कोण नेतं, एवढं तरी. ते वर फिरणाऱ्या पंख्याकडे बघत होते. मग म्हणाले, “माईही आता थकली आहे. तिला विश्रांती हवीच आहे.” माईआत्या त्यांच्याकडे एकदा बघून उठली. चहाला तिनं हात लावला नव्हता. तो बाहेर येऊन मी प्यायले.

रात्रीच्या जेवणाआधीच आईनं प्रश्न निकालात काढला. “दोन खोल्या आहेत आपल्या. धर्मशाळा नाही.” माईआत्या दारातच उभी होती, तिला ऐकू जावं म्हणूनच ते बोललेलं होतं. ती म्हणाली, “मी कुठे विचारलं?” दुसऱ्या दिवशी तिनं ट्रंक भरली. खाट कार्यालयाची, ती राहिली. गळ्यातली किल्ली काढायच्या आधी तिनं शेवटची एक फेरी मारली, कार्य नसताना, रिकाम्या कार्यालयात, प्रत्येक बोर्डाला, टाकीला, दाराला पालथा हात लावत. अप्पा मला म्हणाले, “बघ, वास्तूला शाप देतेय.” मला तेव्हा अप्पांचा इतका राग आला की मी त्यांच्या ताटात मीठ जास्त घातलं. त्यांनी ते न बोलता खाल्लं, त्यांच्या लक्षातही आलं नसावं.

स्वारगेटजवळ मुलांचं एक वसतिगृह होतं, तिथल्या स्वयंपाकघरात तिला काम मिळालं. झोपायला धान्याच्या पोत्यांमागची जागा. कॉलेजातून मी अधूनमधून जायची. ती पोळ्या लाटता लाटता एकच विचारायची, “काय बिघडलं?” विचारताना तिच्या चेहऱ्यावर जी भूक असायची ती मी दुसऱ्या कुठल्या माणसाच्या चेहऱ्यावर पाहिलेली नाही. मी सांगायची. पंपाची मोटर जळाली. दूध नासलं, श्रीखंडही आंबलं. मुदपाकखान्यात तेल सांडलेलं कुणी पुसलं नाही, वाढप्याचा पाय मोडला. ती मान डोलवायची, पोळी उलटायची आणि म्हणायची, “मग आता बोलावतील.” पुढच्या खेपेला, “बोलावणार असं कुणी म्हणालं का?” कोठीतली ती खाट तिला परत हवी होती. दुसरं काहीही नको होतं.

तिचा हिशेब सरळ होता. मी नाही, म्हणून बिघडतंय. बिघडतंय, म्हणून माझी आठवण होईल. हा हिशेब चुकला. मोटर जळाली तेव्हा अप्पांनी टँकर आणला, शाल मिळाली. श्रीखंड आंबलं तेव्हा त्यांनी बासुंदी पैदा केली, शाल आणि पगडी मिळाली. मोडक्या पायाच्या वाढप्याला त्यांनी पाठीवर घालून दवाखान्यात नेलं, त्याच्या बायकोनं अप्पांच्या पायांवर डोकं ठेवलं. तेल का सांडलेलं होतं, हे तिनं विचारलं नाही. दादासाहेब तर एका बैठकीत म्हणाले, “माई होत्या तोवर असे कसोटीचे प्रसंगच आले नाहीत. वसंतरावांचं खरं तेज आता दिसलं.” हे मी माईआत्याला सांगितलं. सांगायला नको होतं की काय, याचा मी पुष्कळ विचार केला आहे, पण तिनंच खोदून विचारलं होतं. तिनं हातातला उंडा परातीत ठेवला. “मग नाही बोलावणार,” ती म्हणाली. त्यानंतर तिनं कधीही काय बिघडलं ते विचारलं नाही.

माझं लग्न अर्थातच आमच्याच कार्यालयात झालं. माईआत्याला आमंत्रण गेलं. जनरीत म्हणून. जेवायला तिला कुठे बसवायचं यावर आईनं पत्रिकेपेक्षा जास्त विचार केला होता. सवाष्णींच्या ओळीत नको, व्याह्यांच्या नजरेसमोर नको. शेवटी पंगतीच्या अगदी टोकाला, डाव्या भिंतीला लागून, जिथे पंख्याचा वारा पोचत नाही, तिथे तिचं पान मांडलं. तिच्या डोक्याशीच तो लाकडी बोर्ड होता. अप्पांनी लेकीच्या लग्नात हात राखला नव्हता. भिंतभर साटीनच्या झालरी, त्यावर दिव्यांच्या माळा, वर लाउडस्पीकर, सगळ्याच्या वायरी त्या एका बोर्डात खुपसलेल्या.

आमच्याकडे नव्या नवरीनं पंगतीत जिलबीचा आग्रह करत फिरायचं असतं. ताट घेऊन मी टोकापर्यंत आले तेव्हा माईआत्याचा डावा हात वर, बोर्डाच्या लाकडावर होता. पालथा. तिनं तो तिथे जरा वेळ ठेवला, मग काढून मांडीवर घेतला, वरण-भात कालवला आणि मला म्हणाली, “वाढ. दोन वाढ.” इतक्या शांतपणे मी तिला कधी जेवताना पाहिलं नव्हतं. एरवी ती घाईनं जेवायची, कुठे काही होईल म्हणून. मला वाटलं, आज हिचा राग गेला. लग्नाच्या दिवशी माणूस किती मूर्ख असतो ते आता आठवलं तरी मला हसू येतं आणि मग येत नाही.

मी अर्धी पंगत मागे आले नसेन, तोच फट्‌ असा आवाज झाला आणि झालर पेटली. साटीन ते, भिंतभर जाळ झाला. बायका किंचाळल्या, पानं तुडवत लोक दाराकडे धावले. माईआत्या आधीच उठून, हात धुऊन, बाजूला उभी होती. आणि अप्पा धावले. दोन्ही हातांनी, सरळ हातांनी, त्यांनी ती जळती झालर धरली आणि ओरबाडून खाली खेचली. वितळलेलं साटीन तळव्यांना चिकटलं तरी सोडली नाही. मुख्य बटण बंद करा म्हणून ओरडत त्यांनी ती पायांखाली विझवली. दुसऱ्या कुणाच्या केसालाही धक्का लागला नाही. आणि टाळ्या सुरू झाल्या. टाळ्या! माझे सासरे गहिवरून पुढे आले. असा व्याही मिळायला पुण्य लागतं, असं काहीतरी म्हणाले आणि त्यांनी शाल मागवली. मठ्ठ्यातला बर्फ बांधलेल्या फडक्यांत अप्पांचे हात गुंडाळलेले होते. शाल खांद्यावर पडली. नारळ मात्र त्यांना धरता आला नाही. तो फडक्यांवरून निसटला आणि सांडलेल्या आमटीतून गडगडत गेला. अप्पा तरीही हसत होते. फोटो आहे माझ्याकडे.

त्यांची बोटं पुढे कधीच नीट मिटली नाहीत. आई त्यांना मरेपर्यंत घास भरवायची आणि प्रत्येक घासागणिक ते आल्यागेल्याला झालरीची गोष्ट सांगायचे. तो बोर्ड का तापला, हे त्या गोष्टीत कधी आलं नाही.

निघायची वेळ झाली. भिंतीपलीकडून इतकी वर्षं ऐकलेलं ते रडणं आता माझ्यासाठी चाललं होतं आणि मला रडू येत नव्हतं. मी माईआत्याला शोधलं. ती कोठीच्या दाराशी उभी होती. दाराला कुलूप होतं. मी नमस्कार केला आणि विचारलं,

“आत्या, तुला कळलं होतं ना?”

“पानावर बसले तेव्हाच. चांगलाच तापला होता.”

“मग बोलली का नाहीस?”

माझा आवाज चढला होता. तिचा चढला नाही. तिनं मांडवाकडे पाहिलं. तिथे अप्पा शाल पांघरून, गुंडाळलेले दोन्ही हात वर धरून, लोकांची शाबासकी घेत उभे होते.

“शुभकार्यात अभद्र बोलू नये,” ती म्हणाली.

मला तिची भीती वाटली, किळसही आली, आणि तिला मिठी मारावीशीही वाटली. मी यातलं काहीच केलं नाही. तिनं आशीर्वादासाठी हात उचलला, तो डोक्यावर न ठेवता माझ्या कपाळाला लावला. पालथा.

“जा,” ती म्हणाली. “तुला काही झालेलं नाही.”